निळ्याच्या पाठीमागचं काळं

भातकापणी उरकली की कर्जतकडे विजेच्या तारेवर नीलपंख दिसू लागतो. बसलेला असताना मातकट. उडाला की पंखांची निळाई डोळ्यांत भरते. पण त्याचं पीस कुटलं, तर हाती निळी पूड येत नाही, करडी येते. पिसात निळं द्रव्य नसतंच. आतल्या अतिसूक्ष्म पोकळ्या उजेडातला निळा भाग तेवढा परतवतात. या पक्ष्याच्या पिसांवर सी. व्ही. रामन यांनी १९३४ सालीच लिहिलं होतं.

याच युक्तीने कापड रंगवायचं, म्हणजे रंगाचा हौद नको आणि त्याचं सांडपाणीही नको. खाली उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यांनी वालधुनी नदीचं काय केलं ते पाहिलेल्याला हा मोह समजेल. जपानच्या तेजिन कंपनीने तो कारखान्यापर्यंत नेला. तिच्या मॉर्फोटेक्स धाग्यात पॉलिएस्टर आणि नायलॉनचे ६१ थर होते, एकेक थर १०० नॅनोमीटरच्या आसपास. थराची जाडी बदलली की रंग बदले. नमुना होता मॉर्फो फुलपाखराचा. धागा देखणा होता, तरी उत्पादन बंद पडलं.

त्यानंतरचं बरंचसं काम लेपाचं आहे. कापडावर सूक्ष्म गोळ्यांची रास रचायची आणि छायाचित्र काढायचं. छायाचित्रं सुंदर येतात. धुण्याच्या दगडावर काय होतं, हे क्वचितच सांगितलं जातं. शिवाय गोळ्यांमधल्या फटीत हवा असते तोवरच रंग उठून दिसतो. पाणी शिरलं की तो फिका पडतो किंवा पालटतो. मॉर्फोचा पंखही स्पिरिटमध्ये भिजवला की हिरवा होतो. खालापूरच्या आषाढात असा सदरा घालून कोण निघणार?

त्याहून मोठी गोम काळ्या रंगाची. पांढऱ्या मोराच्या पिसांत काळं द्रव्य नसतं, म्हणून तो पांढरा. नको असलेला उजेड गिळायला पाठीमागे काळं लागतंच. म्हणजे ‘रंगाविना’ हा दावा अर्धाच खरा. आणि लाल? चमक नसलेला गडद लाल या वाटेने अजून नीट साधत नाही. लग्नाचा शालू तूर्त रंगाऱ्याकडेच. कोनागणिक पालटणारी झळाळी पैठणीच्या धूपछावीत शोभते, पण तिथे ताणा एका रंगाचा असतो आणि बाणा दुसऱ्या रंगाचा. शाळेच्या गणवेशाला ती चालायची नाही. तिथे नीलपंखाची स्थिर निळाईच हवी.

माझ्या मते लेपाचा नाद सोडून सूत काढतानाच रचना घडवली पाहिजे. वितळलेल्या पॉलिएस्टरमध्ये काजळी मिसळून काळा गाभा पाण्याविना मिळतो. थर त्यावर चढावेत. खालापूर तालुक्यात, पाताळगंगेकाठी रिलायन्सच्या कारखान्यात १९८२ पासून पॉलिएस्टरचं सूत निघतंय. असा प्रयोग शोभेल तो अशा ठिकाणी.

तोवर कुणी ‘रंगाविना रंगवलेलं’ म्हणून कापड दाखवलं, तर आधी त्याचं टोक पाण्यात बुडवा आणि अंगठ्याने घासून पाहा.