भिंतीवरील नाट्य

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला आणि राजवाड्यांतील चित्रे सामान्यांच्या भिंतींवर आली. बाजारहत्नूरसारख्या सीमेवरील गावी मराठी घर सजविताना त्यांतील कोणते चित्र कोठे लावावे, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

१८८० साली किर्लोस्करांनी शकुंतलेला मराठी संगीत रंगभूमीवर आणले. रविवर्म्यांची शकुंतलाही नाट्यच करते. पायातील काटा काढण्याचे निमित्त करून ती मागे वळून पाहते; दुष्यंत मात्र चित्रात नाही. तो प्रेक्षकाने कल्पावयाचा.

त्यांची लक्ष्मी भक्ताकडे पाहते. तेथे दर्शन घडते. शकुंतलेची दृष्टी चौकटीबाहेर जाते. तेथे रसास्वाद घडतो. दोघींना शेजारी टांगून एकच हार घालणे हे भक्तीला व रसिकतेला सारखेच उणेपण आणणारे आहे. लक्ष्मी देवघरात शोभते, शकुंतला ओसरीवर.

चित्रकार १९०६ साली निवर्तले. स्वामित्वाची कायदेशीर मुदत केव्हाच सरली. आज कोणीही हे चित्र छापावे. परंतु चौकटीच्या मापासाठी सख्या कापल्या, तर जिच्यापासून लपवावयाचे तीच उरत नाही आणि काटा नुसता काटा ठरतो. म्हणून प्रत घेताना रंगांआधी तिच्या कडा पाहाव्यात.