घराचा रंग आणि औचित्यविचार

दसरा सरला की आमच्या सीमाभागात घरोघरी रंगाचे डबे उघडतात आणि त्यांच्याबरोबर वादही. यंदा तो आमच्या घरी झाला. घर वडिलार्जित, जांभ्याच्या भिंती, चुन्याचा गिलावा, वर मंगळुरी कौले. चिरंजीवांनी शेडकार्ड पुढे धरून जांभळ्या रंगावर बोट ठेवले. "बाबा, घर उठून दिसेल," तो म्हणाला. उठून दिसणे म्हणजेच चांगले दिसणे का, हा प्रश्न मला पडला. साहित्याच्या विद्यार्थ्याला तो नवा नाही. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित म्हटले. मेखला गळ्यात आणि हार कमरेला बांधला, तर दोन्ही दागिने हास्यास्पद ठरतात. घराच्या रंगालाही हाच न्याय लावून पाहावा.

उदाहरण फार लांबचे नको. पणजीचे फोंतेन्हास आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तिथली घरे पिवळी, निळी, विटकरी लाल. म्हणजे रंग मुळीच भिडस्त नाहीत. तरी गल्ली भडक वाटत नाही. प्रत्येक घराच्या दारा-खिडक्यांभोवती पांढरी किनार आहे, ती रंगाला आवर घालते. वर बहुतेक ठिकाणी कौलांची तीच तांबूस छटा आहे, ती सगळ्या घरांना एका कुटुंबात आणते. शुभ्र पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवण्याची तिथली जुनी प्रथा सांगतात. शब्द मोजके, पण प्रत्येक शब्द आपल्या जागी, अशी ती कविता आहे. अलीकडे काही भिंतींवर छायाचित्र काढणाऱ्यांसाठीच दिल्यासारखे चकचकीत रंग दिसतात. तिथे ही कविता संपते आणि जाहिरात सुरू होते.

या जुन्या रंगांना आणखी एक शिस्त होती, ती चुन्याची. चुना तीव्र क्षारधर्मी. त्यात टिकतील तेच रंग घालता येत. काव, पिवडी आणि नीळ टिकतात; पुष्कळ झगमगीत रंग टिकत नाहीत. जुन्या गल्लीतला मेळ निव्वळ अभिरुचीचा नव्हता, सामग्रीनेच तो घडवला होता. वृत्ताचे बंधन कवीला वाचवते, त्यातलाच हा प्रकार. आता शेडकार्डावर शेकडो छटा आहेत. बंधन गेले आणि निवडीची जबाबदारी आपल्यावर आली.

ही जबाबदारी मी स्वतः एकदा चुकवली आहे, ते सांगितलेच पाहिजे. काही वर्षांपूर्वी "दहा वर्षे पाहायला नको" या आश्वासनाला भुलून मी याच घराला प्लॅस्टिक रंग दिला. दुसऱ्याच पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला फोड आले, पोपडे सुटले, खाली लोणा फुलला. जुनी भिंत जमिनीची आणि पावसाची ओल शोषते आणि पुढे ती हवेत सोडते. चुन्याचा हात ही वाट मोकळी ठेवतो. प्लॅस्टिकचा पापुद्रा ती अडवतो. आई म्हणाली, "अरे, घराला रेनकोट घातलास खरा, पण त्याचा घाम कुठून जाणार?" इतकी नेमकी समीक्षा मला साधली नसती.

चुन्याचे दोषही लपवू नयेत. त्याला टेकले की कपड्यांना लागतो, वरचेवर द्यावा लागतो, डोळ्यांत उडाला तर इजा करतो. ऑइलपेंटवर तो धरत नाही. जुना थर आधी खरवडावा लागतो. सिमेंटच्या नव्या घराला या आग्रहाची गरजही नाही. मात्र जुन्या घरासाठी क्रम असा ठेवावा: जे बदलणार नाही ते आधी पाहावे – कौले, दगड, लाकूड. मग त्यांच्याशी नांदेल असा रंग निवडावा. तो हातभर जागेवर लावून सकाळी, दुपारी आणि दिवे लागणीला पाहावा. कार्डावर सौम्य वाटणारा रंग अख्ख्या भिंतीवर गडद भासतो. चुन्याचा रंग वाळल्यावर बराच फिका पडतो. जोत्याला गडद पट्टा हवाच, कारण पागोळ्यांचा चिखल तिथेच उडतो.

तो तांबडा पट्टा आमच्या गल्लीत मराठी घरालाही आहे आणि शेजारच्या कन्नड घरालाही. आम्ही त्याला काव म्हणतो, ते केम्मण्णू म्हणतात. घाट उतरले की देवळांच्या भिंतींवर त्याच मातीची कावी नक्षी होते. पाट्यांवरून इथे भांडणे झाली, पण जोत्याच्या रंगावरून कधी झाली नाहीत.

यंदा आम्ही भिंती खरवडल्या आणि पिवडी घातलेल्या चुन्याचे तीन पातळ हात दिले. जोत्याला काव. चिरंजीवांना दाराच्या चौकटीचा रंग निवडायला दिला. त्यांनी गडद हिरवा निवडला. घर उठून दिसत नाही. आपल्या जागी बसलेले दिसते.