फरचा कोट आणि कात्री

सिनेमाचं परीक्षण लिहिणारी मंडळी निराळी. आम्ही पडलो बँकेतले कारकून, कॉमर्सचे पदवीधर. आम्हाला नवरसांपैकी दोनच ठाऊक : जमा आणि नावे. तरीही एका बोलपटावर लिहायचं धाडस करतोय, कारण या बोलपटाने एक अख्खी संस्था बुडवली. आपल्याकडचे निर्माते फार तर स्वतः बुडतात.

अमेरिकेत 'अकॉर्न' नावाची गोरगरिबांची संघटना होती. स्थापना १९७०. घरकर्ज, किमान वेतन, मतदारनोंदणी ही तिची कामं. २००९ साली जेम्स ओकीफ आणि हॅना जाइल्स हे दोन तरुण तिच्या कचेऱ्यांत शिरले. ती वेश्या, तो तिचा मित्र, अशी बतावणी. कॅमेरा लपवलेला. 'धंद्यासाठी घर कसं मिळेल? कराचं काय करायचं?' काही कर्मचाऱ्यांनी चक्क सल्ले दिले! सप्टेंबरात चित्रफिती झळकल्या आणि आठवडा उलटायच्या आत सेनेटने ८३ विरुद्ध ७ मतांनी निधी रोखायचा कौल दिला. आमच्याकडे पाच हजारांचं कर्ज नाकारायलासुद्धा याहून जास्त दिवस लागतात.

आता परीक्षण. प्रथम वेशभूषा. सुरुवातीला नायक फरचा कोट घालून, हातात काठी घेऊन ऐटीत चालतो. आपल्याला वाटतं, स्वारी अशीच आत गेली! पण कॅलिफोर्नियाचे अ‍ॅटर्नी जनरल जेरी ब्राउन यांनी २०१०मध्ये मूळ चित्रण मागवून पाहिलं, तर आत गडी साध्या कपड्यांत. कोट होता तो प्रेक्षकांसाठी.

मग संवाद. एका बाईने सांगितलं, 'मी नवऱ्याला गोळी घातली.' पोलिसांनी तपास केला, तर तिचे माजी नवरे ठणठणीत! बायका नवऱ्यांबद्दल बोलतात ते पुरावा म्हणून धरलं, तर आमच्या कॉलनीत एक पुरुष जिवंत सापडायचा नाही.

आणि संकलन. इथे मात्र हसू थांबतं. एक कर्मचारी पडद्यावर मदतीला तयार दिसतो. पाहुणे गेल्यावर त्याने पोलिसातल्या नातेवाइकाला हे कळवलं, ते पडद्यावर नाही. त्याची नोकरी गेली. २०१३मध्ये ओकीफने तडजोडीत त्याला एक लाख डॉलर दिले. नोकरदार माणसाला विचारा, गेलेलं नाव कुठल्या खात्यात जमा होतं?

अकॉर्न धुतल्या तांदळासारखी होती, असं नव्हे. संस्थापकाच्या भावाने नऊ लाखांवर डॉलर लाटल्याचं २००८मध्ये उघड झालं होतं. ब्राउनसाहेबांना गुन्हा सापडला नाही, तरी काही कर्मचाऱ्यांचं वागणं त्यांनी अनुचितच ठरवलं. या संस्थेला कडक ऑडिट हवं होतं. वाट्याला आला सिनेमा. ऑडिट आलं ते जून २०१०मध्ये. सरकारी तपासनिसांच्या प्राथमिक अहवालात निधीचा गैरवापर आढळला नाही. तोवर कचेऱ्यांना कुलपं लागली होती, आणि नोव्हेंबरात दिवाळखोरीचा अर्जही गेला.

लपवलेल्या कॅमेऱ्याला आमची हरकत नाही. पुष्कळ चोर त्यानेच सापडलेत. पण आमचे जुने हेडक्लार्क सांगत, लेजरातला आकडा खोडायचा नाही. वाचता येईल अशी एक रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. कात्री चालवणाऱ्यांनाही एवढा नियम लागू करा. कापलेली फीतही दाखवा, आणि सही करा. मग खुशाल घाला फरचा कोट!