एकाच यंत्राची दोन उत्तरे

आलेख काढून दाखवणारा पहिला कॅल्क्युलेटर कॅसिओ कंपनीने १९८५ मध्ये बाजारात आणला. पुढे अमेरिकेतील शाळांत असे कॅल्क्युलेटर गणिताच्या वर्गात नित्याचे झाले. आपल्याकडे शाळेत ते क्वचितच दिसतात. तरीही त्यांची एक बाजू शिक्षकांनी जाणून घेण्याजोगी आहे. यांतल्या काही यंत्रांवर सी भाषेतले प्रोग्रॅम चालवता येतात, आणि त्यासाठी लागणारी साधने हौशी मंडळींनी तयार करून विनामूल्य दिली आहेत. सी शिकण्याची सुरुवात या वाटेने करावी काय? टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८४ प्लस सीई या २०१५ साली आलेल्या यंत्राच्या आधारे आम्ही हा प्रश्न तपासत आहोत.

पहिला भ्रमनिरास लगेच होतो. ‘कॅल्क्युलेटरवर सी’ म्हटले की यंत्राच्याच कळा दाबून प्रोग्रॅम लिहायचा असे वाटते. तसे नाही. प्रोग्रॅम लिहायचा संगणकावर. तेथेच कंपायलर त्याचे कॅल्क्युलेटरच्या प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांत रूपांतर करतो, आणि तयार झालेली फाइल यूएसबी केबलने यंत्रात पाठवायची. बरोबरीने काही सहायक फाइलीही पाठवाव्या लागतात. पडद्यावर ‘नमस्कार’ उमटवणे एवढ्या कामासाठी इतका खटाटोप! आणि प्रोग्रॅमच्या शेवटी ‘कळ दाबेपर्यंत थांब’ असे सांगायचे विसरले, तर तो नमस्कार दिसतो न दिसतो तोच नाहीसा होतो. ज्याला प्रोग्रॅम म्हणजे काय हेच अजून ठाऊक नाही, त्याने या वाटेने जाऊ नये. त्याच यंत्रात बेसिक भाषा आहे. ती कळांवरूनच लिहिता येते आणि पहिल्या धड्याला पुरेशी आहे.

मग या उद्योगात चांगले काय? यंत्राचा लहानपणा. त्याचा ईझी-८० हा प्रोसेसर १९७६ च्या झेड-८० च्या घराण्यातला असून तो ४८ मेगाहर्ट्झ वेगाने चालतो. वापरणाऱ्याच्या वाट्याला सुमारे १५४ किलोबाइट रॅम येते. पडद्यावर आडवे ३२० आणि उभे २४० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २ बाइट धरले तर १,५३,६०० बाइट होतात. रंग २५६ पुरे म्हटले तर ठिपक्याला १ बाइट लागतो, म्हणजे ७६,८०० बाइट, आणि उरलेल्या अर्ध्या जागेत दुसरे आख्खे चित्र मावते. एक चित्र दिसत असताना दुसरे आत तयार करायचे आणि मग अदलाबदल करायची. हलती चित्रे न लुकलुकता दिसतात ती या युक्तीने. साध्या गुणाकाराने उलगडणारे असे रहस्य मोठ्या संगणकावर सहसा हाती लागत नाही. चुकीची शिक्षाही येथे रोखठोक आहे. पॉइंटरने भलत्याच जागी लिहिले तर यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होते आणि रॅममधले सारे पुसले जाते.

परंतु आमच्या मते या यंत्राचा खरा धडा वेगळाच आहे. सुरुवातीच्या धड्यांत पडदा, रंग आणि खेळ यांचे कौतुक फार असते, त्यामुळे त्याच्याकडे दुर्लक्ष होते. हा धडा पूर्णांकाचा आहे.

१ पासून क्रमाने गुणत जाऊन क्रमगुणित काढणारा प्रोग्रॅम कोणत्याही वर्गात करून घेतात. तो ‘इंट’ प्रकारचा चल वापरून या यंत्रासाठी लिहिला, असे समजू. १० चे क्रमगुणित ३६,२८,८०० बरोबर येईल. ११ चे मात्र ६३,६२,३६८ येईल. आता प्रोग्रॅम बाजूला ठेवून त्याच यंत्राच्या नेहमीच्या पडद्यावर ११ चे क्रमगुणित मागितले, तर ते ३,९९,१६,८०० हे बिनचूक उत्तर देते. एकाच यंत्राची दोन उत्तरे!

कारण असे. या कंपायलरमध्ये ‘इंट’ला २४ बिट मिळतात. त्यात मावणारी सर्वांत मोठी धन संख्या ८३,८८,६०७. उत्तर त्याहून मोठे झाले की ओसंडते. वाहनाचा किलोमीटर-मापक सगळे नऊ संपल्यावर शून्यावर येतो, तसे येथे १,६७,७७,२१६ चे पूर्ण फेरे गळून जातात. ३,९९,१६,८०० मधून असे दोन फेरे वजा केले की ६३,६२,३६८ उरतात. कॅल्क्युलेटरचे स्वतःचे गणित मात्र दशमान अंकांत, चौदा अंकांपर्यंत, चालते. म्हणून ते या सापळ्यात सापडत नाही.

‘इंट’ म्हणजे गणितातला पूर्णांक नव्हे, हे यावरून कळते. सी भाषा त्याला किमान १६ बिट असावेत एवढेच म्हणते. त्याच घराण्यातल्या, पण मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर असलेल्या टीआय-८९ या १९९८ च्या यंत्रासाठी हौशी मंडळींनी केलेल्या कंपायलरमध्ये ‘इंट’ १६ बिटांचा होता. तेथे ८ चे क्रमगुणित, म्हणजे ४०,३२०, मावत नाही. फेरा गळून उणे २५,२१६ उरतात. आजच्या संगणकावर ‘इंट’ बहुधा ३२ बिटांचा असतो. तेथे १२ पर्यंत ठीक चालते, पण १३ ला १,९३,२०,५३,५०४ असे उत्तर मिळते. खरे उत्तर ६,२२,७०,२०,८०० आहे. सी भाषेच्या नियमानुसार अशा ओसंडलेल्या उत्तराची कसलीच हमी नसते. बहुधा मात्र ते असेच निघते.

उणे उत्तर आले तर चूक कोणालाही दिसेल. धोका आहे तो सभ्य दिसणाऱ्या उत्तरांचा. ती पकडायला मात्र शाळेतले गणित पुरते. ५ पासून पुढच्या प्रत्येक क्रमगुणितात २ आणि ५ हे दोन्ही अवयव असतात, म्हणून त्याच्या शेवटी शून्य असलेच पाहिजे. ६३,६२,३६८ च्या शेवटी ८ आहे आणि १,९३,२०,५३,५०४ च्या शेवटी ४. दोन्ही उत्तरे खोटी! विभाज्यतेची कसोटी जुनाट म्हणून सोडून देणाऱ्यांनी याचा विचार करावा.

एक गंभीर उणीव सांगितलीच पाहिजे. २०२० मध्ये कंपनीने नव्या कार्यप्रणालीत सी आणि असेंब्ली भाषांतल्या प्रोग्रॅमना दार बंद केले. परीक्षेत गैरप्रकार होऊ नयेत हा हेतू समजण्यासारखा आहे. त्याच वर्षी हौशी मंडळींनी पळवाट शोधली, हेही खरे. पण मालकाने बंद केलेल्या दाराच्या फटीतून चालणारे शिक्षण शाळेने अभ्यासक्रमात धरू नये. आपल्या जबाबदारीवर प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट निराळी.

तेव्हा आमचे मत असे : पहिली भाषा म्हणून नको. ज्याला थोडी सी येते आणि यंत्राच्या पोटात डोकावण्याची उत्सुकता आहे, त्याला मात्र हे उत्तम. त्यासाठी यंत्र विकत घेण्याचीही गरज नाही. शाळेतल्या संगणकावर क्रमगुणिताच्या त्याच प्रोग्रॅममध्ये ‘इंट’च्या जागी ‘शॉर्ट’ लिहावे आणि ८ पर्यंत गुणत जावे. उणे २५,२१६ पडद्यावर उमटेल. ते का आले हे लगेच सांगू नये. वर्गाने कागद-पेन्सिल घेऊन ६५,५३६ हा आकडा स्वतः शोधून काढावा.