भोजनापूर्वीची प्रार्थना आणि बापाचे मौन

रिचर्ड रॉड्रिग्ज यांचे ‘हंगर ऑफ मेमरी’ हे आत्मकथन १९८२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. पण त्यातील बहुतेक चर्चा राजकारणाच्या अंगाने झाली. लेखकाने शाळांतील द्विभाषिक शिक्षणाला विरोध केला, अल्पसंख्याक म्हणून चालून आलेल्या प्राध्यापकीच्या जागा नाकारल्या. त्यामुळे एका पक्षाने त्यांना डोक्यावर घेतले, तर दुसऱ्याने स्वजनद्रोही ठरवले. या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली. हे पुस्तक मुळात एका स्थलांतरित कॅथलिक घराचे आहे. त्या घराकडे पाहावे, एवढ्याच हेतूने आम्ही ते पुन्हा हाती घेतले.

रॉड्रिग्ज यांचा जन्म १९४४ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. आईवडील मेक्सिकोतून आलेले. पुढे हे कुटुंब सॅक्रामेंटो शहरात, गोऱ्या लोकांच्या वस्तीत राहिले. घरात स्पॅनिश आणि उंबऱ्याबाहेर इंग्रजी, अशी दोन जगे. मुलगा कॅथलिक शाळेत दाखल झाला तेव्हा त्याच्या पदरी इंग्रजीचे पन्नासेक सुटे शब्द होते. घरचा रिकार्डो वर्गात एकाएकी ‘रिचर्ड’ झाला, आणि हे नाव कोणाचे, अशा मुद्रेने बसून राहिला. तो तोंड उघडेना, तेव्हा एका शनिवारी सकाळी तीन धर्मभगिनी घरी आल्या. दिवाणखान्यात अवघडून बसल्या. मुलांशी घरीही इंग्रजीत बोलाल का, असे त्यांनी आईवडिलांना विचारले. आईवडिलांनी तत्काळ होकार दिला. धर्मभगिनींचा शब्द, तो खाली कसा पडू द्यायचा?

त्यानंतरचा प्रसंग लेखकाने फार संयमाने सांगितला आहे. मुलगा स्वयंपाकघरात शिरतो. आईवडील आपसांत स्पॅनिशमध्ये बोलत असतात. त्याला पाहताच ते इंग्रजीकडे वळतात. ते मोडकेतोडके परके शब्द ऐकून मुलाला आपल्याला घराबाहेर काढल्यासारखे वाटते. त्याच रागातून तो इंग्रजी शिकतो, आणि असा शिकतो, की पुढे स्टॅनफर्ड, कोलंबिया, बर्कले अशी विद्यापीठे पार करून इंग्रजी साहित्याच्या संशोधनासाठी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमपर्यंत पोहोचतो. नातलग मात्र त्याला ‘पोचो’ म्हणू लागतात. म्हणजे अमेरिकेत राहून स्वतःचे मूळ विसरलेला मेक्सिकन.

लेखकाचा सिद्धान्त असा : घराची भाषा ही जिव्हाळ्याची, खासगी भाषा आणि शाळेची भाषा ही सार्वजनिक. समाजात माणूस म्हणून उभे राहायचे असेल तर दुसरी आपलीशी केलीच पाहिजे, आणि त्यासाठी पहिलीतील ऊब गमवावी लागते. हे नुकसान अटळ आहे. त्याबद्दल गळा काढू नये. या मांडणीत धैर्य आहे, हे आम्ही मान्य करतो. स्थलांतरितांच्या मुलांनी लिहिलेल्या आत्मकथनांत रडगाणे पुष्कळ असते. इथे ते नाही.

तरीही आम्ही अडखळलो ते दोन-तीन वाक्यांपाशी. लेखक ती लिहितो आणि पुढे निघून जातो. एका रात्री वडील भोजनापूर्वीची प्रार्थना इंग्रजीत म्हणू लागले. उच्चार विचित्र झाले. मुले हसली; बायकोलाही हसू आवरले नाही. त्या दिवसापासून ही प्रार्थना वडिलांनी पत्नीला म्हणायला लावली. पाहुणे घरी असले, मोठा समारंभ असला, तरी तीच म्हणे.

आपल्या घरांत या प्रसंगाचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही. जेवणाच्या टेबलाशी क्रुसाची खूण करून प्रार्थनेला आरंभ करणारा बाप हा त्या घराचा पहिला धर्मशिक्षक असतो. त्याच्या तोंडची प्रार्थना गेली म्हणजे एक भाषा गेली एवढेच नव्हे. त्याचे घरातले स्थान गेले. हा माणूस मुळात मितभाषी नव्हता. स्पॅनिश बोलणाऱ्या आप्तांत त्याचा आवाज मोकळा होई, हे लेखकच सांगतो. इंग्रजीत मात्र तो हळूहळू मुका होत गेला.

रॉड्रिग्ज यांच्या सिद्धान्ताची खरी कसोटी इथे आहे आणि इथेच तो उणा पडतो, असे आमचे मत झाले आहे. धर्मभगिनींनी इंग्रजी बोलायला सांगितले होते. बापाला हसायला कोणी सांगितले नव्हते. मुलाने नवी भाषा शिकणे ही एक गोष्ट आणि त्या भाषेच्या मापाने बापाला मोजणे ही दुसरी. पहिली स्थलांतराने आली, दुसरी घराच्या वळणातून. लेखकाने दोहोंची एकच मोट बांधली आणि तिला ‘अटळ’ असे नाव दिले. आश्चर्य असे, की जिव्हाळा भाषेत नसतो, माणसांत असतो, हे त्यांनीच याच पुस्तकात सांगितले आहे. स्पॅनिशखेरीज काही न येणाऱ्या आजीच्या आठवणी सांगताना हे सत्य त्यांना लख्ख दिसते. बापाकडे वळल्यावर मात्र ते त्यांच्या हातून निसटते. जिव्हाळा माणसांत असेल तर इंग्रजी बोलणाऱ्या घरातही बापाचा मान राखता आला असता. तो का राखला गेला नाही, हा प्रश्न ग्रंथात कोठेच विचारलेला नाही.

‘क्रेडो’ हे प्रकरण आमच्या दृष्टीने पुस्तकाचा गाभा. घरात ग्वादालुपेच्या मातेची मेक्सिकन भक्ती, शाळेत आयरिश वळणाची शिस्त, आणि मधोमध वेदीसेवक म्हणून अंत्यविधींना उभा राहणारा हा मुलगा. आपले आईवडील विचार करणारी माणसे आहेत, याची दखल त्यांच्या आयुष्यातील सर्व संस्थांपैकी एकट्या ख्रिस्तसभेने घेतली, अशा आशयाचे विधान लेखक करतो. वाचकाने पुस्तक क्षणभर मिटून ठेवावे, असे हे विधान आहे. कचेरीत आणि बाजारात हे दांपत्य म्हणजे नुसते अडखळते उच्चार होते. मंदिरात ते आत्मा असलेली माणसे होती. मग त्याच ख्रिस्तसभेच्या शाळेने त्यांची जीभ बांधली, हे कसे? या विसंगतीला लेखक भिडत नाही. कृतज्ञता आड आली असावी.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लॅटिन जाऊन मिस्सा इंग्रजीत आली, याचे रॉड्रिग्ज यांना दुःख आहे. समीक्षकांना ते निव्वळ जुनाटपण वाटू शकेल. आम्हाला त्यात आणखी काही दिसते. लॅटिन ना घराची होती, ना शाळेची. तिच्यापुढे बाप आणि लेक सारखेच. त्या एका जागी कोणाच्या उच्चाराला कोणी हसत नव्हते. तीही जागा गेली.

आमच्याकडे याच परिषदेने उलटे घडवले. मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली आणि वेदीवरचे शब्द लोकांच्या मुखी आले. त्यांचे ते नुकसान, आपला तो लाभ. पण वसईच्या वाचकाने एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. सामवेदी किंवा वाडवळी बोलीत वाढलेल्या आपल्या वाडवडिलांना ग्रांथिक मराठीही एका अर्थी शाळेचीच भाषा होती. आता नातवंडे इंग्रजी शाळेत, आणि त्यांतली काही आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात वाढणारी. सुट्टीत आलेल्या नातवाला जपमाळेची रहस्ये मराठीत उमगत नाहीत, म्हणून आजोबाच गप्प बसतात, ही घरे आपल्या ओळखीची आहेत. मुलाने इंग्रजी शिकू नये, असे म्हणणारा आज कोणी नाही, आम्हीही नाही. सोळाव्या शतकात इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स यांनी परक्यांची भाषा एवढी आत्मसात केली, की १६१६ साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत अवतरले. परकी भाषा माणसाचे वैभव होऊ शकते. मात्र फादर प्रौढपणी आले होते आणि त्यांना आपल्या बापाची लाज वाटण्याचा प्रसंग नव्हता. रॉड्रिग्ज सहा-सात वर्षांचे होते. वयाचा हा फरक स्थलांतराच्या चर्चेत फार थोडे लोक ध्यानात घेतात.

वर्णावरचे प्रकरण थोडक्यात आटोपतो, कारण तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. मुलगा सावळा, आईला त्याच्या रंगाची धास्ती. उन्हात जाऊ नकोस, मजुरासारखा दिसशील, ही तिची ताकीद. हे शब्द आपल्याही उंबऱ्यावर ऐकू येतात, तेव्हा त्यांचे मूळ केवळ अमेरिकेच्या वंशभेदात शोधू नये.

लेखनशैलीविषयी एक तक्रार. वाक्ये घोटीव आहेत, कधी कधी इतकी की वेदना काचेच्या कपाटात ठेवल्यासारखी वाटते. रिचर्ड हॉगार्ट यांनी १९५७ च्या ‘द यूझेस ऑफ लिटरसी’ या ग्रंथात रंगवलेला शिष्यवृत्तीवरचा विद्यार्थी लेखकाला आपलाच आरसा वाटतो. कामगाराच्या घरातून आलेला, गुरूंची नक्कल करून पुढे जाणारा आणि घरी परका होणारा हा मुलगा. ही ओळख पटते खरी. पण तिच्या आधारे लेखक स्वतःचे एक उदाहरण करून टाकतो. उदाहरणाला बाप नसतो. जिथे तो आठवणीत शिरतो, सिद्धान्त बाजूला ठेवतो, तिथे त्याचे गद्य जिवंत होते.

याचा पुरावा शेवटच्या प्रकरणात आहे. घरातल्या गोष्टी गोऱ्या लोकांसमोर मांडू नकोस, असे आईने पत्राने विनवलेले. तरी तो लिहितो. मग नाताळची रात्र येते. भावंडे आपापल्या गाड्यांकडे निघतात. आई त्याला वडिलांच्या खांद्यावर कोट घालायला सांगते. वडील एवढेच विचारतात, की तूही आता घरी निघालास का? साऱ्या संध्याकाळी त्यांनी मुलाशी काढलेला हा एकच उद्गार. पुस्तक तिथे संपते आणि बापाचे मौन तसेच राहते.

दहा वर्षांनी, १९९२ साली, रॉड्रिग्ज यांनी ‘डेज ऑफ ऑब्लिगेशन’ लिहिले. ज्या सणांना मिस्सा बंधनकारक असते त्या दिवसांचे हे नाव. उपशीर्षकात ते या पुस्तकाला आपल्या मेक्सिकन वडिलांशी घातलेला वाद म्हणतात. आयुष्य तुला वाटते त्यापेक्षा कठीण आहे, ही वडिलांची मेक्सिकन धारणा. सारे काही नव्याने घडवता येते, हा मुलाचा कॅलिफोर्नियन विश्वास. पहिल्या पुस्तकात जो बाप टेबलाशी गप्प बसला होता, त्याला इथे लेखकाने निदान प्रतिपक्षाची खुर्ची दिली आहे. ज्या वाचकांना इंग्रजी सुलभ आहे त्यांनी दोन्ही पुस्तके याच क्रमाने वाचावीत.