'कोर्ट': पुढे ढकलायची सोय कुणाला?

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४) मी पहिल्यांदा मोबाइलवर पाहिला. कॅमेरा जागचा हलत नाही, वकील कलमं वाचत बसतात. कंटाळा आला की मी डबल टॅप करून दहा सेकंद पुढे जायचे. दुसऱ्यांदा नीट पाहिला, तेव्हा कळलं की मी नेमकं काय पुढे ढकलत होते.

मुंबईत वासुदेव पवार हा सफाई कामगार गटारात मरतो. लोकशाहीर नारायण कांबळे (वीरा साथीदार) यांच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली, असा पोलिसांचा आरोप. वासुदेवची बायको शर्मिला साक्षीला येते. नवरा आधी गटारात खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजून उतरायचा. वास सहन व्हावा म्हणून दारू प्यायचा. एक डोळा गेलेला. कुणी पत्ता विचारल्यावर सांगावा, तसं ती हे सांगते. रडत नाही. पहिल्या वेळी मी इथलेही दहा सेकंद उडवले असणार.

सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे तो गाणारा. उतरवणारे कोण, हे कुणी विचारत नाही. शर्मिलाची साक्ष कांबळेंच्या जामिनाला उपयोगी पडते आणि तिथेच संपते. गरिबी, जात, असुरक्षित काम हे सगळं तिच्या वाट्याला आहेच. वर तिचं दुःखही दुसऱ्याच्या खटल्यातला पुरावा म्हणूनच ऐकलं जातं.

माझी तक्रार इथे आहे. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) लोकलने घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाकाला लागते. बचावाचे वकील वोरा सुपरमार्केटमधून वाइन, चीज घेतात. न्यायाधीश सुट्टीत रिसॉर्टला जातात. कॅमेरा या सगळ्यांच्या मागे जातो. शर्मिलाच्या घरात मात्र तो पाऊल टाकत नाही. तिला आपण वोरांच्या गाडीत पाहतो. ते पैसे देऊ करतात, ती नाकारते आणि काही काम असेल तर सांगा म्हणते. दिग्दर्शकाचा हा संयम आहे, असं म्हणता येईल. मलाही तो थोडा पटतो. पण नवरा गेल्यावर तिची चूल कशी पेटते, हे चांगल्या सिनेमातही आपल्याला दिसत नसेल, तर ते दिसणार कुठे?

तरीही 'कोर्ट' पाहाच, आणि मोठ्या स्क्रीनवर नाही जमलं तर मोबाइलवरच पाहा. फक्त डबल टॅप करू नका. शेवटी कांबळेंना पुन्हा अटक होते आणि कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते. दिवे बंद होतात, पडदा बराच वेळ अंधारा राहतो. ज्याची तारीख दुसराच कुणी पुढे ढकलतो, त्याला हा अंधार पूर्ण बसून काढावा लागतो.