वयाचे कौतुक आणि वादनाचे मोल

वृद्ध कलावंताची मैफल संपल्यावर सभागृहाबाहेर पडणाऱ्या श्रोत्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : ‘या वयातही काय वाजवतात!’ वाक्य आदराने उच्चारलेले असते, यात शंका नाही. तथापि त्यातील ‘ही’ या अव्ययाने अलीकडे आम्हांस अस्वस्थ केले आहे. त्या एका अक्षरात वादनाचे मोजमाप वयाच्या मानाने होते. वादनात काही उणे आहे हे आधीच गृहीत धरून त्यावर सूट दिली जाते. अशी सूट सहानुभूतीतून येते. रसिकतेशी तिचा संबंध नसतो. ज्येष्ठ वादकांच्या वादनाची जी ओढ आपल्याला वाटते ती या सवलतीपोटी की त्या वादनाच्या अंगच्या गुणामुळे, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी दोन ठिकाणी जावे लागेल. एक क्यूबाची राजधानी हवाना आणि दुसरे आपले बेळगाव.

काही वर्षांपूर्वी एका स्नेह्यांच्या चिरंजीवांनी आम्हांस एक ध्वनिमुद्रिका ऐकविली. वादक रुबेन गोन्सालेस, वाद्य पियानो. जन्म १९१९ चा, क्यूबातील सान्ता क्लारा गावचा. १९४० च्या दशकात त्यांनी आर्सेनिओ रोद्रिगेस या अंध वादकाच्या नामांकित वाद्यवृंदात पियानो वाजविला आणि पुढे चा-चा-चा या नृत्यप्रकाराचे जनक एन्रिके होरीन यांच्या वृंदात अनेक वर्षे काढली. सारे आयुष्य लोकांना नाचविण्यासाठी वाजविण्यात गेले. नंतर ते निवृत्त झाले. बोटांना संधिवात जडला आणि घरी वाजविण्याजोगा पियानोही उरला नाही. १९९६ मध्ये हवानाच्या एग्रेम स्टुडिओत जुन्या वादकांना एकत्र करण्यात आले, तेव्हा गोन्सालेस पुन्हा पियानोपुढे बसले. त्या ध्वनिमुद्रणांतून निघालेली ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ ही मुद्रिका १९९७ मध्ये जगभर गाजली. विम वेंडर्स या जर्मन दिग्दर्शकाने त्याच नावाचा चित्रपट १९९९ मध्ये काढला. गोन्सालेस यांच्या स्वतंत्र मुद्रिकेचे नाव ‘इंट्रोड्यूसिंग’ असे होते. म्हणजे पंचाहत्तरी ओलांडलेल्या वादकाचा जगाला ‘परिचय’ करून देण्यात येत होता! २००३ मध्ये ते निवर्तले.

स्पॅनिश आम्हांस येत नाही आणि पियानोचे शास्त्रही अवगत नाही. तरी त्या वादनाने पहिल्याच बैठकीत धरून ठेवले. क्यूबातील ‘सोन’ या गीतप्रकाराचा ताल दोन लाकडी दांड्यांच्या पाच ठोक्यांवर उभा असतो. त्यास ‘क्लावे’ म्हणतात. गीताचा पूर्वार्ध संपला की ‘मोन्तुनो’ नावाचा भाग लागतो. त्यात पियानो एक छोटी सुरावट पुन्हा पुन्हा वाजवितो, तिच्यावर गायक आणि झील धरणारे यांची सवाल-जबाबासारखी देवघेव चालते आणि तालवाद्ये आपली करामत दाखवितात. आपल्या वाचकांना हे अपरिचित वाटू नये. तबल्याच्या स्वतंत्र वादनात पेटीवाला जो लेहरा धरतो, त्याच्याच कुळीतील ही गोष्ट आहे. लेहरा धरणाऱ्याचे काम वरकरणी सोपे. तीच ओळ, तीच सम, आवर्तनामागून आवर्तन. परंतु ज्याने लेहरा धरला आहे त्यालाच ठाऊक की, आपले काही दाखविण्याचा मोह अर्धा तास आवरणे किती अवघड असते.

गोन्सालेस यांच्या वादनात हा आवर पदोपदी जाणवतो. सुरावट तीच राहते, मात्र एखादा स्वर किंचित उशिरा येतो, एखादा गाळला जातो, मध्येच एक लडिवाळ तान वरच्या सप्तकात जाऊन परत मूळ जागी येते. त्यांच्या वादनात वेग नाही असे नव्हे. तो हवा तेथेच येतो. पियानोचा स्वर आघाताने उमटतो आणि लगेच विरू लागतो. त्या विरण्याला ते अवसर देतात. दोन स्वरांमधील मोकळी जागा त्यांना भीतिदायक वाटत नाही. तरुण वादकाला ती वाटते. तो ती भरून काढतो.

याच पिढीतील बेबो वाल्देस यांची कथा वेगळी, पण तिचे तात्पर्य याच्याशी जुळणारे आहे. त्यांचा जन्म १९१८ चा. हवानाच्या रंगभवनांत नाव कमावून १९६० मध्ये त्यांनी देश सोडला, स्वीडनमध्ये संसार थाटला आणि स्टॉकहोमच्या हॉटेलांत जेवणाऱ्या पाहुण्यांसाठी वर्षानुवर्षे पियानो वाजविला. १९९४ मध्ये त्यांची मुद्रिका निघाली तेव्हा जगाला त्यांची पुन्हा आठवण झाली. पुढे २००३ मध्ये, आपल्याहून ५० वर्षांनी लहान असलेल्या दिएगो एल सिगाला या स्पॅनिश गायकाला त्यांनी केलेली साथ ‘लाग्रिमास नेग्रास’ या मुद्रिकेत ऐकावी. गायकाचा आवाज धगधगीत आहे आणि ८४-८५ वर्षांचा साथीदार त्या धगीला वारा घालीत नाही, तिला फक्त जागा करून देतो.

येथे आम्हांस बेळगावची आठवण होणे अपरिहार्य होते. पियानो क्यूबाचा नव्हे, तशी पेटीही आपली नव्हे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पायाच्या भात्याऐवजी हाताचा भाता आणला आणि हे परके वाद्य आपल्या बैठकीत मांडी घालून बसले. त्यावर मींड निघत नाही आणि श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखविता येत नाहीत, हे आक्षेप खरेच आहेत. ज्या वाद्याला हे साधत नाही त्यावर कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे, बेळगावचे विठ्ठलराव कोरगावकर यांच्यासारख्यांनी गाण्याचा भास निर्माण केला, हेही तितकेच खरे. आकाशवाणीने १९४० मध्ये या वाद्यावर बंदी घातली. ती १९७१ च्या सुमारास शिथिल झाली. आमच्या भागाला जवळचे धारवाड केंद्र १९५० मध्ये सुरू झाले, म्हणजे त्या केंद्राच्या उमेदीची पहिली वीस वर्षे पेटी तेथे वर्ज्य होती.

पं. रामभाऊ विजापुरे यांचा जन्म १९१७ चा, मिरजेशेजारच्या कागवाडचा. गोन्सालेस यांच्याहून ते दोन वर्षांनी वडील. आकाशवाणीची बंदी आली तेव्हा त्यांचे वय २३ होते आणि ती उठली तेव्हा ५४. वादकाच्या आयुष्यातील भराची सारी वर्षे या दोन आकड्यांच्या मध्ये येतात. ती वर्षे विजापुरे मास्तरांनी बेळगावात शिकविण्यात आणि धारवाड-हुबळी-बेळगाव परिसरात येणाऱ्या-जाणाऱ्या गवयांना साथ करण्यात घालविली. गायनाची तालीमही त्यांना मिळालेली होती. गायकाचा श्वास कोठे संपणार याचा अंदाज त्यांच्या बोटांना असे, त्याचे मूळ आमच्या मते या तालमीत आहे. सुधांशू कुलकर्णी, रवींद्र काटोटी अशा शिष्यांनी त्यांची परंपरा पुढे नेली. नव्वदी पार करून २०१० मध्ये मास्तर गेले. सीमाभागात प्रत्येक गोष्टीला भाषेचा वाद चिकटतो. मास्तरांच्या वर्गात मराठी घरची मुले शिकली, कानडी घरचीही शिकली. पेटीची पट्टी दोघांना सारखीच होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या मंडळींची कीर्ती उतारवयात दूरवर पोहोचली म्हणून त्यांची कला उतारवयात फळाला आली, असे समजण्याचा प्रघात आहे. आम्हांस तो अन्यायकारक वाटतो. कला आधीपासून होती. दारे बंद होती. कोठे राज्यक्रांतीमुळे आणि स्थलांतरामुळे, कोठे आकाशवाणीच्या एका आदेशामुळे, आणि सर्वत्र या एका समजुतीमुळे की, साथीदार हा दुय्यम असतो. दार उघडायला लागलेल्या उशिराचे श्रेय आपण वार्धक्याला देतो आणि दार कोणी लावून घेतले होते हे विसरतो.

हवानाच्या त्या मुद्रिकांवर एक आक्षेप घेतला जातो. श्रीमंत देशांतील श्रोत्यांना पडक्या वाड्यांचे, जुन्या मोटारींचे आणि सुरकुतलेल्या चेहऱ्यांचे चित्र विकण्यात आले, असे काही समीक्षक म्हणतात. आक्षेपात तथ्य आहे. वेंडर्स यांच्या चित्रपटात कॅमेरा त्या पडझडीवर रेंगाळतो. परंतु परीक्षा सोपी आहे. चित्र बाजूला ठेवावे, डोळे मिटावे, वादकाचे वय विसरावे आणि ऐकावे. जे उरते ते वादन. गोन्सालेस यांच्या बाबतीत आम्ही ही परीक्षा अनेकदा घेतली आहे आणि दर वेळी भरपूर उरले आहे.

मग वयाचा काहीच वाटा नाही काय? आहे, पण तो आपोआप मिळत नाही. शासकीय सेवेत ज्येष्ठता रुजू होण्याच्या तारखेवरून ठरते आणि यादीत नाव वर सरकण्यासाठी केवळ जिवंत राहणे पुरते. कलेत तसे नाही. वय बोटांतील बळ काढून घेते हे उघड आहे. ज्याने तरुणपणी केवळ बळ कमावले त्याच्यापाशी मग काही उरत नाही. ज्याने पन्नास वर्षे दुसऱ्याच्या गाण्याला किंवा दुसऱ्याच्या नाचाला जागा करून दिली, त्याच्यापाशी निवड उरते : कोणता स्वर घ्यावा आणि कोणता सोडावा. ही निवड साथीत घडते, मिरविण्यात घडत नाही. ज्येष्ठ वादकांच्या वादनाची ओढ आम्हांस या निवडीत दिसते.

हे आम्हांस उशिरा उमगले, आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणी मोजली. निपाणी परिसरातील एका भजनी मंडळाचे एक वृद्ध पेटीवाले होते. दिवसभर तंबाखूच्या वखारीत काम आणि रात्री भजन, असे त्यांचे आयुष्य गेले. पुढे काही हौशी मंडळींनी त्यांचा सत्कार योजिला. शाल, श्रीफळ, मानपत्र असे सगळे यथासांग झाले. मुख्य भाषण आमचे होते. आम्ही त्यांच्या वयावर, निष्ठेवर, साधेपणावर चाळीस मिनिटे बोललो. टाळ्या मिळाल्या. त्यानंतर सभागृह रिकामे करून देण्याची वेळ झाली. निघताना ते हात जोडून म्हणाले, “साहेब, पेटी उघडायचीच राह्यली बघा.” स्वरात तक्रार नव्हती. पुढच्या पावसाळ्यात ते वारले. त्यांच्या वादनाचे एकही ध्वनिमुद्रण नाही. आमचे भाषण मात्र छापील स्वरूपात आमच्याकडे आहे.

हवानात १९९६ साली काही माणसांनी एवढेच केले की, भाषण न करता पियानोचे झाकण उघडले आणि ध्वनिमुद्रण यंत्र सुरू केले. एवढ्यासाठी जगप्रसिद्ध स्टुडिओ लागत नाही. आज ध्वनिमुद्रणाची सोय प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या टापूत भजनाच्या आणि नाटकाच्या साथीत आयुष्य घालविलेली बोटे अजून आहेत. ती फार दिवस असणार नाहीत. आपल्या मंडळाच्या सभासदांनी पुढील सत्कार योजताना मानपत्राचा मजकूर दोन ओळींचा ठेवावा आणि उरलेला सारा वेळ पेटीला द्यावा, अशी आमची नम्र सूचना आहे. त्या दिवशीचे भाषण आम्ही करणार नाही.